परड्याला शेजार लागतो

घरची भाजी आणि घरची अंडी यांची हौस हल्ली पुष्कळांना वाटते, आणि ती वाटावी असंच माझं मत आहे. मुंबईच्या एका इस्पितळात परिचारिका म्हणून नोकरीची सगळी वर्षं काढून आम्ही दोघं दापोली तालुक्यात, यांच्या वडिलोपार्जित घरी राहायला आलो, तेव्हा माझ्याही मनात हेच होतं. परड्यात भाजी, खुराड्यात कोंबड्या, आणि बाजाराचं तोंड पाहायला नको. हात मातीत घातल्यावर मात्र एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. बियाणं असो, कोंबडा असो की लस असो, परड्यातलं महत्त्वाचं असं काहीच एका घराच्या जोरावर चालत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याला हे कुणी आधी सांगत नाही. म्हणून मी सांगते आहे.

सुरुवात भाजीपासूनच करावी. कोंबड्या नंतर आणाव्यात, कारण भाजी चुकली तर बी परत पेरता येतं, जनावराचं तसं नसतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तोही चार महिन्यांत. जांभ्याची लाल माती पाणी धरत नाही, आणि तिच्यातलं अन्न पाण्याबरोबर वाहून जातं. त्यामुळे पावसाळ्यात इथे सपाट वाफ्यात काही टिकत नाही. वीतभर उंच गादीवाफा करावा लागतो, त्यात चांगलं कुजलेलं शेणखत आणि पातेरा, म्हणजे झाडाखालचा वाळलेला पाला, भरपूर घालावा लागतो. हे काम मृगाच्या आधी उरकायचं. पाऊस एकदा लागला की माती हातात येत नाही, तिचा नुसता चिखल होतो.

पहिलं पीक म्हणून मी कुणालाही लाल माठ लावायला सांगेन. बी अगदी बारीक असतं, ते मूठभर कोरड्या वाळूत मिसळून फेकलं की सारखं पडतं, आणि महिन्याभरात भाजी ताटात येते. नवख्या माणसाला लवकर काहीतरी हाती लागणं फार गरजेचं असतं. माठाबरोबर मुळा आणि भेंडी. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल. कोबी-फ्लॉवरच्या मागे पहिल्या वर्षी लागू नये. त्यांना थंडी हवी, खत हवं, आणि अळ्या त्यांच्यावर आधी तुटून पडतात.

मांडवाची भाजी म्हणजे कोकणातल्या परड्याचं खरं वैभव. पडवळ, दोडका, कारली, काकडी, भोपळा. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ 1972 पासून इथे आहे आणि इथल्या हवेसाठी त्यांनी काढलेली वाणं बाहेरच्या पाकिटांपेक्षा मला जास्त भरवशाची वाटतात. पडवळाचं ‘कोकण श्वेता’, दोडक्याचं ‘कोकण हरिता’, कारल्याचं ‘कोकण तारा’. आपापल्या भागातल्या कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात अशी चौकशी प्रत्येकाने करावी.

मांडवावर पहिली फुलं आली आणि गळून पडली की नवी माणसं घाबरतात, औषध शोधायला लागतात. घाबरायचं काही कारण नसतं. या वेलांवर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी, आणि नर फुलं आधी येतात. ती गळायचीच. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या देठाशी बोटाएवढं फळ आधीपासूनच असतं. पण भर पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत, आणि मग हे कोवळं फळ पिवळं पडून गळतं. अशा वेळी सकाळी लवकर, भोपळ्याची फुलं उघडी असतानाच, एक नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या मागे सारायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. बोटाला पिवळी पूड लागली पाहिजे. दोन-तीन दिवसांत तो छोटा भोपळा तुकतुकीत होऊन फुगायला लागला की समजावं, जमलं.

याच फुलांनी मला शेजाराचा पहिला धडा दिला. आपण घरचं बी ठेवायचं म्हणतो. वालाचं, टोमॅटोचं बी ठेवता येतं, कारण त्यांचं फूल बहुतेक आपल्या आपणच फळतं. भोपळ्याचं तसं नाही. मधमाशी वाडीभर फिरते आणि शेजारच्या मांडवावरचे परागकण आपल्या फुलात आणून टाकते. लाल भोपळ्याला दुधीचे परागकण चालत नाहीत, पण दुसऱ्या लाल भोपळ्याचे चालतात. म्हणजे आमच्या भोपळ्याच्या बियांत शेजारच्या काकींच्या मांडवाचाही वाटा असतो. शेजारणीने बाजारातून आणलेलं संकरित बी लावलं असेल, तर पुढच्या वर्षी माझ्या वेलावर काय येईल हे माझ्या हातात राहत नाही. गावरान वाण जपायचा तर सगळ्या वाडीने मिळूनच जपायला हवा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना बियाण्यांच्या कामासाठी 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं काम मोठं आहे ते अशासाठी की त्यांनी बी नुसतं डब्यात ठेवलं नाही. इतर बायकांच्या हाती दिलं आणि त्यांच्याकडून ते वाढवून घेतलं.

आता कोंबड्यांकडे येते. कोणती जात घ्यायची, हा पहिला प्रश्न. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज आणि ग्रामप्रिया, या परसात पाळण्यासाठीच काढलेल्या जाती आहेत. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, या जाती त्याच्या दुपटीच्या आसपास जातात. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंड्यांवर बसत नाहीत. दर वेळी पिल्लं विकत आणावी लागतात आणि पहिले काही आठवडे ती दिव्याखाली सांभाळावी लागतात. पहिल्या आठवड्यात साधारण पस्तीस अंश ऊब, मग दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी. तापमापक नसला तरी चालतं. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर त्यांना थंडी वाजते आहे, कडेला पळून चोच वासून बसली तर उकडतं आहे, सगळीकडे पसरून दाणे टिपत असली तर ठीक आहे. मी गावठी कोंबड्या ठेवल्या. अंडी कमी मिळतात, पण पिल्लं वाढवायचं काम ती आई स्वतः करते आणि माझ्यापेक्षा चांगलं करते.

नुसत्या अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हे ऐकून मुंबईचे पाहुणे दर वेळी चकित होतात. कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लू होत नाही. पिल्लं हवी असतील तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. आणि तोच कोंबडा वर्षानुवर्षं ठेवला तर पुढे त्याच्याच लेकींना तो फळवतो, पिल्लं कमजोर निघतात. म्हणून आमच्या वाडीत कोंबडे अदलाबदलीने फिरतात. हाही शेजारच झाला.

खुराडं यांनी गवंड्याच्या मदतीने बांधलं. जोतं जांभ्याच्या चिऱ्यांचं, जमिनीपासून गुडघाभर उंच, बाजूंना अर्ध्या इंचाची जाळी. इथे मोठी भीती मुंगसाची. त्याला दोन बोटांची फट पुरते आणि एका रात्रीत तो सगळं खुराडं संपवतो. नागही अंडी आणि पिल्लांसाठी येतो. त्यामुळे अंडी खुराड्यात राहू द्यायची नाहीत आणि तिन्हीसांजेला दार लावायचं कधी टळू द्यायचं नाही. कोंबड्या अंधार पडता पडता आपणहून आत येतात, माणसाने फक्त कडी घालायची असते.

खाण्याचं फार अवघड नाही. दिवसभर त्या परड्यात किडे, गवत, वाळवी वेचतात. संध्याकाळी तांदळाची कणी आणि कोंडा. एका अंड्याच्या कवचात जवळपास दोन ग्रॅम कॅल्शिअम असतं. तेवढं तिला खाण्यातून मिळालं नाही तर ती आपल्या हाडांतून काढते आणि अंडी पातळ कवचाची होतात. आमच्याकडे तिसऱ्या खाऊन झाल्या की शिंपले वाळवून कुटायचे आणि वेगळ्या भांड्यात ठेवायचे, ज्या कोंबडीला गरज असेल ती आपली खाते. दोन गोष्टी मात्र घालू नयेत. खारट खरकटं, आणि पावसाळ्यात बुरशी लागलेलं धान्य किंवा पेंड. बुरशीचं विष कोंबडीच्या यकृतावर जातं. माणसाने खाऊ नये ते ‘कोंबड्यांना चालेल’ म्हणून टाकण्याची सवय वाईट आहे.

भाजी आणि कोंबडी यांचं नातं खताचं. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, कोंबडीच्या खतात तीन टक्क्यांच्या आसपास. कोंबडी वेगळं मुतत नाही. विष्ठेवर जो पांढरा भाग दिसतो तेच तिचं मूत्र, आणि नत्राचा मोठा वाटा त्यातच असतो. पण हे खत ताजं घातलं तर रोपं करपतात. खुराड्यात पातेरा अंथरायचा, तो घाण झाला की काढून खड्ड्यात टाकायचा, वर पुन्हा सुका पाला, आणि तीन महिने तरी कुजू द्यायचं. कोशिंबिरीच्या पाल्याला तर पूर्ण कुजलेलंच घालावं, कारण कोंबडीच्या विष्ठेत माणसाचं पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. खुराड्यात हात घालून आल्यावर साबणाने हात धुणं हे मी इस्पितळात शिकले आणि इथे वाडीतल्या मुलांना शिकवते.

उलट बाजूने, कोंबडीला रोपांत सोडली तर अर्ध्या तासात वाफा उकरून ठेवते. वई, म्हणजे कुंपण, हवीच. पीक निघालेल्या रिकाम्या वाफ्यात मात्र तिला मुद्दाम सोडावी. हुमणीच्या अळ्या, किड्यांचे कोष, तणाचं बी, सगळं ती उकरून खाते.

आता जे मला सगळ्यात जवळचं वाटतं त्याविषयी. कोंबडी खुडूक झाली की ती खुराड्याबाहेर येत नाही, अंग फुगवून बसते, हात पुढे केला तर चोच मारते. शेजारच्या काकींनी मला तिच्याखाली अंडी ठेवायला शिकवलं. दहा-बारा अंडी, आठवड्याच्या आतली, न धुतलेली. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि वर एक नैसर्गिक पापुद्रा. धुतलं की तो जातो आणि जंतूंना वाट मिळते. प्रत्येक अंड्यावर कोळशाने खूण करायची, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने नंतर त्यात घातलेलं अंडं ओळखता येतं. सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे बॅटरी धरायची. फळलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं आणि मध्ये एक काळा ठिपका हलतो. तो ठिपका मी प्रथम पाहिला तेव्हा सोनोग्राफीच्या खोलीत उभी असल्यासारखी मी श्वास धरून पाहत राहिले.

एकविसावा दिवस जवळ आला की अंड्याच्या आतून चिवचिव ऐकू येते, आणि वरून कोंबडी घशातल्या घशात तिला उत्तर देते. मग जाड टोकाकडे एक बारीकशी चीर. पिलाच्या चोचीच्या टोकावर एक पांढरा टणक कण असतो, त्याने ते कवच आतून फोडतं, थांबतं, फिरतं, पुन्हा फोडतं. यात कित्येक तास जातात. माझा हात आपोआप पुढे गेला, बाळंतपणं पाहिलेला हात. काकी म्हणाल्या, “नको हात लावू वैनी, त्याचं त्याला येऊ दे.” काकींचं बरोबर होतं. त्या वेळी कवचाखालच्या पडद्यात रक्त अजून वाहत असतं आणि उरलेला बलक पिलू पोटात ओढून घेत असतं. घाईने सोलून काढलं तर ते मरतं. हा पोटातला बलक त्याला पहिले दोन दिवस पुरतो, म्हणूनच हॅचरीतली एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून उपाशीपोटी लांबच्या गावी पाठवता येतात.

एवढ्या निगुतीने आलेली पिल्लं जातात कशाने? मुंगसाने थोडी, घारीने थोडी. सगळीच्या सगळी जातात ती मानमोडीने. पशुवैद्यक तिला राणीखेत म्हणतात. हिरवट पातळ विष्ठा, धाप, लुळे पाय, वळलेली मान, आणि बघता बघता खुराडं रिकामं. रोग विषाणूचा आहे, आल्यावर औषध नाही. काकी सांगतात की लस माहीत नव्हती तेव्हा होळीच्या सुमारास वाडीच्या वाडी कोंबड्यांविना होत असे आणि लोक नशिबाला बोल लावून पुन्हा पिल्लं मागून आणत. कोंबडी सुस्त दिसली की घाईघाईने कापून खायची, पिसं आणि आतडी उकिरड्यावर टाकायची. ती कावळे-कुत्रे ओढून नेतात आणि रोग पुढच्या घरी पोहोचतो. चपलेला लागलेली घाण, बाजारातून आणलेलं डालगं, पाहुण्याने दिलेली कोंबडी, कशानेही तो येतो. नवीन पक्षी आणला तर तीन आठवडे तरी वेगळा ठेवावा, मेलेला पक्षी चुना घालून खोल पुरावा. आणि एकदम पुष्कळ पक्षी मेले तर लपवू नये, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं. देशातला पहिला बर्ड फ्लू 2006 च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता. कोंबड्यांची अशी मरतूक कोणत्या रोगाची आहे, हे तपासणीशिवाय डोळ्यांनी ठरवता येत नाही.

मानमोडीवर लस आहे आणि ती स्वस्त आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास पंखाखाली टोचायची आर-टू-बी. अडचण दुसरीच असते. लासोटाची लहानात लहान कुपी बहुधा शंभर पिलांची असते. एकदा द्रावणात मिसळली की दोनेक तासांत ती वापरावीच लागते, तोवर बर्फात ठेवावी लागते. आणि आपल्या घरी पिल्लं नऊ! नऊ पिलांसाठी कुपी कोण फोडणार? या एका कारणाने परसातल्या किती कोंबड्या लशीविना राहतात, ते मी माझ्या वाडीत पाहिलं आहे.

तोड काकींनी सुचवली, आणि ती मला फार मोलाची वाटते. अंडी आठवडाभर थंड जागी ठेवता येतात. मग ज्यांच्या ज्यांच्या कोंबड्या खुडूक आहेत त्यांनी एकाच आठवड्यात अंडी ठेवायची. एकवीस दिवसांनी सगळ्यांची पिल्लं दोन-चार दिवसांच्या फरकाने निघतात आणि एका कुपीत वाडी उरकते. दवाखान्यातले पशुधन पर्यवेक्षक पहिल्या खेपेला स्वतः आले आणि त्यांनी आम्हाला रीत दाखवली. लस आणायचं काम तेव्हापासून माझ्याकडे आलं. दोन ते आठ अंशांत लस सांभाळणं मी नोकरीत रोजच करत होते. बर्फाच्या थर्मासमध्ये कुपी, सकाळी उन्हं चढायच्या आत आमच्या पडवीत सगळे जमतात. बायका डालग्यांत पिल्लं घेऊन येतात, डालग्याला रंगीत चिंधी बांधलेली, म्हणजे कुणाची कुठली ते चुकत नाही. पिलू डाव्या मुठीत धरायचं, अंगठ्याने डोकं हलकेच आडवं करायचं, डोळ्यावर एक थेंब, आणि ते पापणी मिटून तो थेंब आत घेईपर्यंत सोडायचं नाही. शेवटचं महत्त्वाचं. लगेच सोडलं तर ते डोकं झटकतं आणि थेंब मातीत जातो. आजारी पिलाला त्या दिवशी लस द्यायची नाही. पल्स पोलिओच्या रविवारी मी शेकडो मुलांच्या तोंडात थेंब घातले आहेत. पडवीतली ही गर्दी त्याच तोलाची आहे असं मला मनापासून वाटतं, कारण यातल्या काही घरांत पोरांना रोज अंडं मिळतं की नाही हे या थेंबावर ठरतं.

एक घर जरी सुटलं तरी रोगाला वाट राहते. म्हणून जे येत नाहीत त्यांच्याकडे मी आदल्या संध्याकाळी जाऊन सांगून येते.

तुम्हाला यंदा चार कोंबड्या आणायच्या असतील तर खुराड्याचं सामान घेण्याआधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. मानमोडीची लस कोणत्या दिवशी मिळते, कुपी केवढी असते, बर्फ कुठून न्यायचा, हे विचारून घ्या. मग आपल्या आळीत, वाडीत कुणाकुणाकडे कोंबड्या आहेत त्यांची यादी करा आणि अंडी ठेवायचा आठवडा त्यांच्याबरोबर बसून ठरवा.